एकसष्ट बागा, वर एक रोप

रावेर तालुक्यात माझा मावसभाऊ केळी लावतो. मागच्या मृगबागेच्या वेळी त्याच्या बांधावर बसून मी त्याला एक कोडं घातलं. गावात ६० शेतकरी आहेत. प्रत्येकाची बाग चौरस, म्हणजे जितक्या ओळी तितकीच प्रत्येक ओळीत रोपं, आणि साऱ्यांच्या बागा अगदी सारख्या. आता सगळ्यांची रोपं एकत्र आणली, त्यात वरून एकच रोप घातलं आणि सारी रोपं एका मोठ्या चौरस बागेत लावली. एकही जागा रिकामी राहायला नको, एकही रोप उरायला नको. तर प्रत्येकाकडे रोपं किती?

त्यानं पाच मिनिटांत काडीनं मातीत आकडे मांडून उत्तर काढलं. प्रत्येकाकडे ४ बाय ४, म्हणजे १६ रोपं. साठ शेतकऱ्यांची मिळून ९६०. त्यात एक घातलं की ९६१, आणि ९६१ म्हणजे ३१ बाय ३१. बाग भरली.

मग मी ६२ शेतकरी घेतले. तेही जमलं: प्रत्येकी ८ बाय ८, एकूण ३९६८, वर एक म्हणजे ३९६९, म्हणजेच ६३ बाय ६३. त्रेसष्ट शेतकरी घेतले तर हिशेबच नको. प्रत्येकाकडे एक रोप, वर एक, झाले ६४, आठ बाय आठ.

"मग मधले ६१ का सोडले, भो?" त्यानं विचारलं.

खरं सांगायचं तर त्या ६१ साठीच मी बाकीची कोडी घातली होती. ६१ शेतकरी असतील, तर प्रत्येकाच्या बागेत कमीत कमी २२,६१,५३,९८० ओळी लागतात आणि प्रत्येक ओळीत तितकीच रोपं. मोठ्या बागेच्या एका ओळीत मग १,७६,६३,१९,०४९ रोपं बसतात. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. याहून लहान उत्तर नाहीच. ६० ला चार पुरतात, ६२ ला आठ पुरतात आणि मधल्या ६१ ला बावीस कोटींच्या वर लागतात. शंभराच्या आतल्या कोणत्याही संख्येला इतकं मोठं उत्तर लागत नाही.

पाच बाय पाच फुटांची लागवड धरून आम्ही हिशेब केला. एकेका शेतकऱ्याच्या बागेची बाजू सुमारे ३ लाख ४५ हजार किलोमीटर भरते. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. मोठ्या बागेची बाजू जवळजवळ २७ लाख किलोमीटर, चंद्राच्या अंतराच्या सातपट. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "इतक्या रोपांत एक कमी पडलं तर कोणाला कळणार?"

या लेखात मला त्याच्या या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं आहे. ते एक रोप खरंच कमी पडतं की नाही, हे आपल्याला कळतं. तेही कागद-पेन्सिलीनं.

आधी ही संख्या कुठली, ते सांगतो. चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारा रस्ता आमच्याकडच्या बहुतेकांच्या पायाखालचा आहे. गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत देवीचं देऊळ आहे आणि जवळच पाटण गाव. तिथे सापडलेल्या शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये जगापुढे आणली. लेख इ. स. १२०७ चा आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव यानं इथे एक मठ काढला. कशासाठी? आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी. ते आजोबा म्हणजे भास्कराचार्य. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि मठाला कोणी काय द्यायचं याची त्यांत नोंद आहे. खानदेशाच्या मातीत आठशे वर्षांपूर्वी गणिताच्या शिक्षणासाठी रीतसर उत्पन्न लावून दिलेलं होतं, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या बीजगणिताच्या भागात एका श्लोकात ते विचारतात: कोणत्या संख्येचा वर्ग ६७ नं गुणून त्यात एक मिळवला की पूर्ण वर्ग येतो? आणि ६१ नं गुणून एक मिळवला की? वर्गप्रकृती तुझ्या मनात वेलीसारखी पसरली असेल तर सांग, मित्रा. आमचं केळीच्या बागांचं कोडं म्हणजे हाच प्रश्न आहे. वर्गप्रकृती हे अशा प्रश्नांचं नाव. लहान बागेच्या बाजूला ते 'कनिष्ठ' म्हणतात, मोठीच्या बाजूला 'ज्येष्ठ' आणि वरून घालायच्या रोपांना 'क्षेप'. इतके नेटके शब्द हाताशी असताना मी दुसरे वापरणार नाही.

आता उत्तर तपासायचं. माझ्या एका विद्यार्थिनीनं संगणकावर एक्सेलमध्ये ज्येष्ठाचा वर्ग केला, कनिष्ठाचा वर्ग ६१ नं गुणला आणि वजाबाकी केली. उत्तर यायला हवं १. आलं शून्य. ती घाबरून माझ्याकडे आली, "सर, पुस्तकात चूक आहे."

पुस्तकात चूक नव्हती. ज्येष्ठाचा वर्ग आहे ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. एकोणीस आकडी संख्या. एक्सेल पहिले पंधरा आकडे नीट सांभाळतं, शेवटचे चार सोडून देतं. दोन्ही संख्यांत फरक फक्त शेवटच्या आकड्यात आहे, एकीच्या शेवटी ४०१ आणि दुसरीच्या शेवटी ४००. म्हणजे नेमकं आपलं एक रोप यंत्राच्या हातून निसटतं. एकतीस परार्ध रोपांत ते दिसतच नाही.

मग जुन्या पद्धतीनं जाऊ. नऊचा ताळा घेऊ. ज्येष्ठाच्या आकड्यांची बेरीज ४६, पुढे ४ + ६ = १०, आणि १ + ० = १. म्हणजे ९ नं भागल्यावर बाकी १. कनिष्ठाच्या आकड्यांची बेरीज ३६, म्हणजे बाकी शून्य. बाकी १ असलेल्या संख्येच्या वर्गाची बाकीही १, आणि ६१ गुणिले शून्य म्हणजे शून्य. फरक १. ताळा जमला. संगणकाला न दिसलेलं रोप ताळ्याला दिसलं! पण ताळा म्हणजे सिद्धता नव्हे. फरक १० असता, १९ असता, तरीही ताळा जमलाच असता.

खरी सिद्धता शेजाऱ्यांकडे आहे. कुठल्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला, की तिच्या मागच्या आणि पुढच्या संख्येचा गुणाकार मिळतो. नववीतलं सूत्र आहे. १० चा वर्ग १००, वजा १ म्हणजे ९९, आणि ९ गुणिले ११ तेवढेच. तर आपल्या ज्येष्ठाचे दोन शेजारी बघा.

मागचा: १,७६,६३,१९,०४८. याचं निम्मं ८८,३१,५९,५२४. हा पूर्ण वर्ग आहे, २९,७१८ चा.

पुढचा: १,७६,६३,१९,०५०. याचं निम्मं ८८,३१,५९,५२५. याला ६१ नं भागा, १,४४,७८,०२५ येतात. हाही पूर्ण वर्ग, ३,८०५ चा.

या सगळ्या संख्या भुसार दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर आरामात मावतात. आता दोन शेजाऱ्यांचा गुणाकार करा: २ × २९,७१८² आणि २ × ६१ × ३,८०५². एकत्र मांडलं की ६१ × (२ × २९,७१८ × ३,८०५)². कंसातला गुणाकार बरोबर २२,६१,५३,९८०. कनिष्ठच! म्हणजे ज्येष्ठाच्या वर्गातून १ काढला की कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट उरते. ना कमी, ना जास्त. एकोणीस आकडी गुणाकार न करता ते एक रोप सापडलं. ही मांडणी फळ्यावर पुरी होते तेव्हा वर्गात एक क्षण जी शांतता पसरते, त्यासाठी मी हा विषय दरवर्षी घेतो.

त्या दोन निम्म्या संख्या पुन्हा बघा. ८८,३१,५९,५२४ आणि ८८,३१,५९,५२५. शेतकऱ्यांच्या भाषेत: प्रत्येकाकडे ३,८०५ बाय ३,८०५ रोपं असतील, तर मोठी बाग २९,७१८ बाय २९,७१८ ची लागते आणि एक रोप उरतं. आपल्याला उरायला नको होतं, कमी पडायला हवं होतं. क्षेप +१ हवा होता, इथे −१ आला. पण उत्तराच्या दारात आपण इथेच येऊन उभे राहतो.

या दारापर्यंत पोचायच्या रीतीचं नाव चक्रवाळ. सुरुवात अगदी साधी. प्रत्येकाकडे एकच रोप, एकूण ६१. जवळचा चौरस ८ बाय ८, त्याला तीन रोपं कमी पडतात. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता एक गुणक निवडायचा. ८ मध्ये तो मिळवला की ३ नं भाग गेला पाहिजे, आणि त्याचा वर्ग ६१ च्या जितका जवळ तितका बरा. १, ४, ७, १० असे गुणक चालतील, त्यांतला ७ चांगला, कारण ४९ हा ६१ पासून १२ च दूर आहे. मग नवा कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५. नवा ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळा घ्या: ६१ × २५ = १५२५ आणि ३९ चा वर्ग १५२१. चार रोपं उरली. चक्र असंच फिरवत राहिलं तरी उत्तर मिळतं, पण इथे भास्कराचार्य चक्र थांबवतात आणि ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती हाती घेतात.

ती युक्ती म्हणजे भावना. ब्रह्मगुप्तानं ती ६२८ मध्ये लिहून ठेवली होती. दोन उत्तरं घ्यायची आणि त्यांची गाठ बांधायची. दोन ज्येष्ठांचा गुणाकार, अधिक दोन कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट, हा नवा ज्येष्ठ. तिरके गुणाकार करून त्यांची बेरीज, हा नवा कनिष्ठ. या तिरक्या गुणाकाराला वज्राभ्यास म्हणतात. आणि दोन क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. सारा चमत्कार या शेवटच्या वाक्यात आहे. क्षेप गुणले जातात. म्हणून −१ ची −१ शी गाठ बांधली की +१ मिळतो.

आपल्याकडे क्षेप −४ आहे. ज्येष्ठ आणि कनिष्ठ दोन्ही निम्मे केले की क्षेप चौथाई होतो: ज्येष्ठ ३९/२, कनिष्ठ ५/२, क्षेप −१. अर्ध रोप कोण लावणार, असं भाऊ म्हणाला. कोणीच नाही, पण वाटेत अपूर्णांक आले म्हणून थांबायचं कारण नाही. याची स्वतःशीच गाठ बांधली की १५२३/२, १९५/२, क्षेप १. अजून अर्धे आहेतच. त्याची पुन्हा पहिल्याशी गाठ बांधा. अपूर्णांक गळून पडतात आणि समोर येतात २९,७१८ आणि ३,८०५, क्षेप −१. ओळखीचे आकडे. आता यांची स्वतःशी गाठ, की ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, कनिष्ठ २२,६१,५३,९८०, क्षेप १. चार गाठीही लागल्या नाहीत. चंद्रापलीकडे जाणारी बाग एका पाटीवर मावली.

इतकं झाल्यावर संख्या एखाद्या ओळखीच्या घरासारखी वाटू लागते आणि आतल्या खोल्या बघाव्याशा वाटतात. १,७६,६३,१९,०४९ चे मूळ अवयव कोणते? आधी ११ ची कसोटी. एक आड एक आकडे घ्या: १ + ६ + ३ + ९ + ४ = २३. उरलेले: ७ + ६ + १ + ० + ९ = २३. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे ११ नं भाग जातो. पुढचे अवयव इतक्या सहजी दिसत नाहीत. पूर्ण फोड अशी आहे: ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही मूळ संख्या.

यातला १५२३ पाहून दचकायला होतं, कारण तो वाटेत भेटला होता, १५२३/२ या रूपात. हा योगायोग नाही. पहिल्या पायरीवर ३९/२ होता, दुसरीवर १५२३/२, तिसरीवर २९,७१८. गाठ बांधली की पायऱ्यांची बेरीज होते, म्हणून तिसरीची स्वतःशी गाठ बांधून आलेलं उत्तर सहाव्या पायरीवर. सहा म्हणजे दोनची तिप्पट. दुसऱ्या पायरीवरून तिप्पट उडी मारायचं सूत्र अकरावीच्या मुलांना पाठ असतं: चार गुणिले घन, वजा तीनपट. त्रिकोणमितीत कोन तिप्पट केला की कोसाइनचं जे होतं, अगदी तेच. त्या सूत्रात १५२३/२ घाला, बाहेर १,७६,६३,१९,०४९ पडतात, आणि सूत्राच्या दोन्ही पदांत १५२३ असल्यामुळे तो अवयव म्हणून राहणारच. कोनांचं सूत्र केळीच्या बागेत कसं आलं, यावर मी अजूनही विचार करत बसतो.

या चौघांचं आणखी एक साम्य. प्रत्येकाला ८ नं भागा, बाकी ३ येते. ज्येष्ठ हा एका वर्गाची दुप्पट अधिक १ आहे, हे मागच्या शेजाऱ्यानं सांगितलंच आहे. अशा संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ३ च येते, ५ किंवा ७ कधीच नाही. म्हणून ज्येष्ठाला ७ नं, १३ नं, २३ नं भागून बघण्यात वेळ घालवावा लागत नाही.

कनिष्ठाची फोड वेगळ्या वळणाची: २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एकही अवयव सामाईक नाही. असायलाच नको, जी संख्या दोघांनाही भागते, ती ज्येष्ठाचा वर्ग आणि कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट यांच्यातल्या फरकालाही भागेल, आणि तो फरक आहे १. ते एकटं रोप दोन्ही बागांच्या मध्ये बांधासारखं उभं आहे.

या साऱ्याचा उपयोग काय, असं मुलं विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. ६१ चं वर्गमूळ अपूर्णांकात नेमकं लिहिता येत नाही. पण ज्येष्ठाला कनिष्ठानं भागा, ७.८१०२४९६७५९०६६५४३९ येतात. दशांश चिन्हापुढचे हे सतराच्या सतरा आकडे खऱ्या वर्गमुळाशी जुळतात. चूक किती? एकाचे जवळजवळ आठ परार्ध भाग केले तर त्यातला एक भाग. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि लीलावतीत एकं, दहं, शतं पासून जी स्थानांची नावं दिली आहेत त्यांतलं ते शेवटचं नाव. मोजायला नाव दिलं ते इथवर, आणि चूकही नेमकी तिथेच येऊन थांबली.

युरोपात १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितीनं आपला मित्र फ्रेनिकल याला असेच प्रश्न पाठवले, त्यांत ६१ होताच. फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत, असंही त्यानं लिहिलं. भास्कराचार्यांच्या उत्तराला तेव्हा पाचशे सात वर्षं झाली होती, पण ते तिकडे कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे ऑयलरच्या गैरसमजातून या समीकरणाला पेल या इंग्रज गणितीचं नाव चिकटलं. पेलचा त्याच्याशी तसा काही संबंध नव्हता. ६१ सारख्या प्रत्येक संख्येला, म्हणजे जी स्वतः पूर्ण वर्ग नाही अशा प्रत्येकीला, उत्तर असतंच, हे अठराव्या शतकात लाग्रांजनं सिद्ध केलं. फर्माच्या पत्रात ६१ च्या जोडीला १०९ होता. त्याचा ज्येष्ठ पंधरा आकडी आहे: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९.

श्लोकातला ६७ मी मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. त्याचा ज्येष्ठ पाचच आकडी आहे, एका संध्याकाळचं काम. सुरुवात करून देतो. ८ चा वर्ग ६४, म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप −३. गुणक पुन्हा ७ घ्या. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ४१, क्षेप ६: सदुसष्ट पंचविसा १६७५ आणि ४१ चा वर्ग १६८१. भावाला परवा फोनवर इथपर्यंत सांगितलं. "थांब, पुढचं सांगू नको," म्हणाला आणि फोन ठेवला.